वर एक, खाली दोन

स्तोइल मास्तरानं जन्मभर लढाऊ विमानांचा इतिहास लिहिला आणि विमानात एकदाही पाय ठेवला नाही. कुणी छेडलंच तर म्हणायचा, "माझी सगळी विमानं जमिनीत आहेत, वर जाऊन काय करू?" लोक हसायचे. हसण्यासारखंच ध्यान होतं ते. कार्लोवो गावच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा, अंगानं काडी, डोळ्यांवर जाड भिंगं, आणि सुट्टी लागली रे लागली की पाठीला पिशवी मारून डोंगरात पसार. बायको नाही, पोर नाही. घरात एक आई, वेलिका. बस्स, एवढाच संसार.

तो शोधायचा ते एकोणीसशे चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात पडलेले वैमानिक. अमेरिकेची बाँबफेकी विमानं आमच्या राजधानीवर, सोफियावर यायची आणि आपली पोरं आपली इवलीशी विमानं घेऊन त्यांच्या अंगावर जायची. त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत. मग सप्टेंबरात राज्य बदललं, कम्युनिस्ट आले आणि हीच पोरं एका फटक्यात 'राजाचे वैमानिक' ठरली. राजाबरोबर त्यांचंही नाव पुसलं. त्यांचा फोटो भिंतीला लावायचा नाही, त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. आमच्याकडे मेलेल्या माणसाचा फोटो आणि नाव छापलेला कागद दारावर, विजेच्या खांबावर डकवतात, वर्षं उलटली तरी दर वर्षदिनाला नवा डकवतात. तो मानही यांना नाही. मेलास ना, मग गप्प मर. असला तो मेला काळ!

स्तोइलचा बाप दोब्री हा त्यांतलाच एक. जानेवारीतल्या एका सकाळी ढगांत घुसला तो खाली उतरलाच नाही. कुठं पडला ते कुणालाच कळलं नाही. तळावरच्या लोकांनी 'परतला नाही' एवढं कळवलं आणि विषय संपला. स्तोइल तेव्हा पाळण्यात होता. पुढं शिपाई येऊन बापाचा गणवेशातला फोटो घेऊन गेले. तेव्हापासून वेलिकानं घरात त्याचं नाव काढलं नाही आणि कुणाला काढू दिलं नाही. काळे कपडे घातले नाहीत, दारावर कागद लावला नाही, मेल्यावर चाळिसाव्या दिवशी घालतात ते जेवण घातलं नाही. एकदा लहानग्या स्तोइलनं विचारलं, "आई, बाबा कधी येणार?" तर तिनं त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा कोंबला आणि म्हणाली, "जेव मुकाट्यानं."

पोरगं मुकाट्यानं जेवलं, मुकाट्यानं शिकलं आणि मुकाट्यानंच शोधायला लागलं.

शोधायची त्याची रीत मोठी मजेची होती. गावात गेला की विमानाचं नावसुद्धा काढायचा नाही. विमान म्हटलं की लोकांची दातखीळ बसायची. हा आपला कुणाच्या तरी अंगणात बसायचा, राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, पेला हातात घ्यायचा, प्लमच्या पिकाची चौकशी करायचा आणि भिंगांआडून नजर फिरवायची ती कोंबड्यांच्या खुराड्यावर. कारण लढाई संपली की विमानाचं काय होतं? छपरं होतात, चाळण्या होतात, केसांच्या फण्या होतात. डोंगरातल्या माणसाच्या हाती फुकटचा पत्रा लागला तर तो सोडतोय थोडाच! खुराड्यावर हलका, गंज न चढलेला पत्रा दिसला की मास्तर हळूच म्हणायचा, "आजोबा, पत्रा झकास आहे हो. कुठं मिळाला?" आणि मग गाठ सुटायची. पत्र्यावरून विमानाची जात कळायची, इंजिनावरच्या पट्टीवरून नेमकं विमान, आणि विमानावरून माणूस.

असाच ऐन पंचविशीत, नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हा, तो द्रेनाक गावात दोना आजीच्या दारात पोचला. कार्लोवोहून बसनं दोन तासांचं गाव. बाहेर चिखल, म्हणून उंबऱ्यात बूट काढून आत गेला आणि चुलीपाशी बसला. दोना आजी शेंगांचं सूप वाढत होती. तिची नजर त्याच्या पायांवर गेली आणि पळी तशीच हवेत राहिली.

"पोरा, हे मोजे कुणी विणले?"

"आईनं. का हो?"

राखाडी लोकर, आणि टाचेला लाल रंग. वेलिका असेच विणायची. टाच आधी झिजते, म्हणून ती वेगळ्या लोकरीनं दुहेरी विणायची आणि तिच्याकडे दुहेरी लोकर म्हणजे लालच.

दोना आजी पळी ठेवून त्याच्या पायांशी बसली. "त्याच्याही पायात हेच होते," म्हणाली. "बर्फात विमान आदळलं. आम्ही गेलो तोवर संपला होता. बूट कुणीतरी काढून नेले, देव त्याचं भलं करो, थंडीच तसली होती. पण मोजे मी काढू दिले नाहीत. म्हटलं, कुणा बाईनं जीव लावून विणलेत, राहू देत त्याच्या पायात. पाद्रीबाबानं रानटी नाशपातीच्या झाडाखाली पुरला. नाव माहीत नव्हतं. नंतर विचारायची सोय राहिली नाही. मी आपली दर वसंतात जाते, वाइन ओतते. बाई आहे का रे ती, मोजेवाली?"

"आहे," स्तोइल म्हणाला.

"मग घेऊन ये तिला. मी कुठवर पुरणार?"

स्तोइल त्या झाडाखाली गेला आणि ढसाढसा रडला. मागच्या ओढ्यात इंजिन पडलं होतं, त्यावरची पट्टी त्यानं पुसून वाचली. शंकेला जागाच नव्हती, बापाचंच विमान. बसमध्ये दोन्ही तास त्याच्या डोक्यात एकच: आज आईला सांगायचं.

घरी आला तो रविवार. वेलिका चर्चला निघाली होती. मास्तरानं चर्चमध्ये शिरायची तेव्हा सोय नव्हती, शाळेतून नारळ मिळाला असता. म्हणून तो नेहमी तिची पिशवी धरून दाराशी उभा राहायचा. आमच्या चर्चमधलं मेणबत्त्यांचं पितळी स्टँड दोन मजली असतं: वरच्या थाळीत जिवंतांसाठी लावायची, खालच्या वाळूत मेलेल्यांसाठी. वेलिकानं त्या दिवशीही खाली दोन लावल्या. मग टाचा उंचावून वर एक लावली, डोळे मिटले, आणि ओठ कितीतरी वेळ हलत राहिले. दारातून शब्द ऐकू येत नव्हते. फक्त शेवटचे दोन तिच्या ओठांवर दिसले: जिवंत ठेव.

खालच्या दोन म्हणजे आजोबा आणि आजी, हे स्तोइलनं लहानपणापासून धरून ठेवलं होतं. आणि वरची? वरची बाबांची. काळं घातलं नाही, कागद लावला नाही, चाळिसावा घातला नाही, सगळं तिथंच येऊन जुळत होतं. बाई वाट बघतेय. हिला आता सांगायचं, की आई, खाली उतर, वरची मेणबत्ती विझव?

तरी त्यानं शेजारच्या गिनामावशीला विचारलं. गिनामावशी म्हणजे गावभर जीभ फिरवणारी बाई, पण वेलिकावर तिची माया होती.

"मावशी, समजा बाबांचा पत्ता लागला, तर आईला सांगावं का?"

"खुळा झालास का तू?" गिनामावशी त्याच्या अंगावरच आली. "आशेवर जगतेय ती. तो धागा तुटला की दुसऱ्या दिवशी तिरडी उचल. त्यापेक्षा शोधत राहा. शोधणारा पोरगा दिसतोय, तोवर ती उभी आहे."

आता ही गिनामावशी वेलिकाशी कधी या विषयावर बोलली होती का? नाव नको. पण ठासून सांगणाऱ्या माणसाचं खरं वाटतं. स्तोइल गप्प बसला. आज नको, उद्या सांगू. नाताळ होऊ दे. ईस्टर होऊ दे. असं करता करता माणूस म्हातारा होतो, तसा तो झाला.

मधल्या काळात त्यानं काय नाही केलं! एकेका डोंगरातून एकेक पोरगा शोधून काढला. राज्य पुन्हा बदललं, तोंडं उघडली, आणि लोक त्याच्या दारात यायला लागले. कुणाची बहीण, कुणाचा म्हातारा भाऊ, कुणाची नात. मास्तर त्यांना घेऊन जायचा, बोट दाखवून म्हणायचा, "इथं." ती माणसं तिथं गुडघ्यांवर बसायची. आमच्यात मेलेल्याच्या नावानं गहू उकडतात, त्यात साखर आणि कुटलेले अक्रोड घालून वाटतात, जमिनीवर वाइन ओततात. परगावाहून आलेल्या लोकांनी गहू कुठं उकडायचा? तो उकडायची वेलिका. पहाटे उठून, दाणा न् दाणा फुलवून, वर साखरेचा क्रूस काढून, भांडं फडक्यात बांधून ती दारात उभी राहायची.

"हे घेऊन जा. त्यांना म्हणावं, अजून ऊन आहे तोवर वाटा."

आणि तो परतायचा तेव्हा फाटकाशी उभी असायची. त्याच्या तोंडाकडे बघायची, मग हातांकडे. काही विचारायची नाही. "खाल्लंस का?" एवढंच. स्तोइलला वाटायचं, ही घाबरतेय. आज हा ती बातमी तर नाही ना घेऊन आला, म्हणून घाबरतेय. तो चटकन म्हणायचा, "खाल्लं, आई," आणि तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मालवायचं. त्याला वाटायचं, सुटकेचा निःश्वास टाकला.

हाय रे दैवा, एवढी भिंगं लावून त्या माणसाला काय दिसत होतं?

त्याचं पुस्तक निघालं. जाडजूड, नकाशांसकट, पडलेल्या प्रत्येकाचं नाव, विमान, जागा. सोफियातल्या मोठमोठ्या लोकांनी वाखाणलं. त्यात दोब्रीचं नाव होतं आणि पुढं छापलं होतं: जागा अज्ञात. जो माणूस एका शब्दासाठी चार वेळा डोंगर चढला, त्यानं स्वतःच्या हातानं पुस्तकात एक खोटं लिहिलं, आणि लिहिलं ते आपल्याच बापाबद्दल. ते पान त्यानं पुन्हा कधी उघडलं नाही. कॉफीच्या दुकानात म्हातारी टाळकी त्याची टर उडवायची.

"काय मास्तर, काखेत कळसा आणि गावाला वळसा! दुनियेचे बाप सापडले, आपला तेवढा राहिला?"

"राहिला खरा," तो म्हणायचा आणि कॉफी प्यायचा. दोना आजी केव्हाच गेली होती. आता दर वसंतात तोच एकटा द्रेनाकला जायचा, नाशपातीखाली वाइन ओतायचा. आईला सांगायचा, शोधायला चाललोय.

वेलिकानं नव्वदी गाठली आणि खाटेला खिळली. पायच गेले. चर्चला जाणं बंद झालं त्या रविवारी तिनं स्तोइलला जवळ बोलावलं. आता मास्तरानं चर्चमध्ये शिरायला कुणाची ना नव्हती.

"माझ्याऐवजी तू जा. वर एक, खाली दोन. विसरू नकोस."

"नाही विसरत." तो कोट घालत होता. आणि काय सुचलं देव जाणे, एवढ्या वर्षांत जे तोंडातून निघालं नाही ते निघालं. "वर लावताना बाबांचं नाव घेऊ ना?"

वेलिकानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"वर? बाबांचं?" ती म्हणाली. "अरे, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? जिवंत माणसांत मेलेला कशाला लावीन मी? बाबा खाली. एक माझ्या आईवडलांची मिळून, एक त्याची. वरची तुझी."

स्तोइलचा एक हात बाहीत, एक बाहेर.

"माझी?"

"मग कुणाची? दुसरं कोण आहे मला जिवंत? रानोमाळ भटकतोस, जुने बाँब असतात तिथं. दर रविवारी म्हणते, देवा, एक नेलास, हा तरी जिवंत ठेव."

"पण तू... तू काळं नाही घातलंस. कागद नाही लावलास दाराला."

"काळं घातलं असतं तर तुझ्या शाळेत विचारलं असतं, कुणाचं दुःख करते म्हणून. राजाच्या वैमानिकाचा पोरगा! उंबऱ्यात उभं केलं नसतं तुला. तो उडाला त्याच रात्री कळलं होतं मला. बायकोला कळतं. मी आत रडले, बाहेर नाही. नंतर दिवस पालटले, पण मग तू शोधत होतास. म्हटलं, हा जागा काढील शोधून, मग तिथं जाऊन सगळं रीतसर करू. गहू नेऊ, पाद्रीबाबाला नेऊ. मग तुला सगळे सापडत गेले आणि आपला सापडेना. म्हटलं, पोराच्या जिवाला किती लागत असेल. म्हणून कधी विचारलं नाही रे. फाटकाशी उभी राहायची ना, तेव्हा वाटायचं, आज सांगेल. आज सांगेल."

स्तोइल खाटेच्या कडेवर बसला. आता लपवून कुणाला वाचवायचं होतं? त्यानं सगळं सांगितलं. दोना आजी, लाल टाचेचे मोजे, नाशपातीचं झाड, सगळं. कधी सापडले तेही सांगितलं. वेलिका छताकडे बघत ऐकत होती.

"कुठंय ते द्रेनाक?"

"डोंगरापलीकडं."

"किती लांब?"

"बसनं... दोन तास, आई."

"दोन तास," वेलिका म्हणाली.

तिनं छतावरची नजर काढून त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "तेव्हा माझे पाय कसे होते ठाऊक आहे तुला? मी चालत गेले असते. तुझ्या त्या सगळ्या लोकांसाठी मी गहू उकडला. परक्या बायांच्या नवऱ्यांसाठी. आणि माझ्या माणसाला परकी बाई वाइन पाजत होती."

"आई, मला वाटलं तू वाट बघतेयस. खचशील म्हणून—"

"तुला वाटलं!" ती ओरडली. त्या कुडीतून एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. "विचारता आलं नाही? तोंड नव्हतं? मला विधवासुद्धा होऊ दिलं नाहीस मेल्या, विधवासुद्धा होऊ दिलं नाहीस!" आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही भिंतीकडेच तोंड. स्तोइलनं डॉक्टरला विचारलं, तिला गाडीतून द्रेनाकला नेऊ का. डॉक्टर म्हणाला, डोंगरातल्या वळणांवर गाडीतच जातील त्या. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीकडूनच आवाज आला.

"गहू काढ."

त्यानं गहू काढला.

"निवडून घे. खडा राहिला तर दात पडेल कुणाचा. आता पाणी. एवढं नको, पेज करायचीय का? ढवळ. अरे असा नव्हे, हलक्या हातानं! चार पुस्तकं वाचली पण साधा गहू येत नाही पोराला."

गहू जास्तच शिजला, लगदा झाला. वेलिकानं एक चमचा तोंडात घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "चालेल. त्याला कसलीच चव कळायची नाही." मग स्वतः वर साखरेचा क्रूस काढला. तो तिरका आला. तिनं उशीखालून मोज्यांचा जोड काढून दिला. राखाडी, लाल टाचांचा, कधी विणला होता कुणास ठाऊक.

"हे पुर तिथं. पहिले कुजले असतील."

स्तोइल एकटा गेला. गहू ठेवला, वाइन ओतली, हातानं माती उकरून मोजे पुरले. गावातल्या दोघातिघांना गहू वाटला. त्यांना कळेना, एवढा म्हातारा माणूस आईच्या हातचा म्हणून काय सांगतोय.

परतला तेव्हा वेलिका खिडकीकडे तोंड करून पडली होती. शेजारणीकडून खाट वळवून घेतली होती तिनं. त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग हातांकडे. नखांत माती होती. तिनं तो हात ओढून घेतला आणि नखांतली माती आपल्या बोटानं काढत राहिली.

"खाल्लंस का?" तिनं विचारलं.

"नाही, आई," तो म्हणाला. तिच्या या प्रश्नाला त्यानं पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं.

पानं गळायच्या दिवसांत ती गेली. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. स्तोइलनं दारावर एकच कागद लावला, त्यावर दोघांची नावं आणि दोघांचेही फोटो. दोब्रीचा फोटो त्याला दुसऱ्याच एका वैमानिकाच्या बहिणीनं दिला होता, त्यात दोब्री तिसऱ्या रांगेत उभा होता, तोंड जरा हललेलं. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत 'अज्ञात' खोडून 'द्रेनाक, रानटी नाशपातीखाली' असं घातलं. कॉफीच्या दुकानात टाळकी म्हणाली, "सापडला की अखेर! शाबास मास्तर!" तो कॉफी अर्धी टाकून उठला.

चाळिसाव्याच्या सकाळी तो चर्चमध्ये गेला. मेणबत्त्या विकणाऱ्या पावलिनाबाई वेलिकाला चांगल्या ओळखायच्या. न विचारताच त्यांनी नेहमीच्या तीन काढून पुढं ठेवल्या.

"वर एक, खाली दोन, नाही का?"

"खाली तीन," स्तोइल म्हणाला. "आजी-आजोबांची, बाबांची आणि तिची."

"बरं, मग चौथी घ्या. वरची राहील ना."

"वरची माझी होती, बाई," तो म्हणाला. "ती लावणारी गेली."

त्यानं वाकून खालच्या वाळूत तिन्ही लावल्या, वरच्या थाळीकडे न बघता टोपी घातली आणि बाहेर पडला.